विमान इला, विमान गेला

अहो वहिनी, जरा गडग्यापाशी या ना. तिथूनच नको, मग मला मोठ्याने बोलावं लागतं. आमच्या सासूबाई पडवीत बसल्यात. त्यांना कमी ऐकू येतं म्हणतात सगळे, पण ते फक्त कामाचं. ऐकलंत का? खालच्या वाडीतल्या काकींचा जावई आला मुंबईहून. विमानाने आला. आणि उतरला कुठे? मोपाला! गोव्यात!

म्हणजे बघा हं, आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपीच्या सड्यावर अडीच हजार मीटरचा रनवे आडवा पसरलाय, काकींच्या मागच्या दारातून दिवे दिसतात त्याचे, आणि त्यांचा जावई दुसऱ्या राज्यात उतरून, टॅक्सी करून, बांदा-सावंतवाडी-कुडाळ असं फिरत फिरत दारात. जेवणं आटोपलेली, सोलकढी तळाला गेलेली. काकींचं तोंड बघायला हवं होतंत तुम्ही! याच काकी 2021 मध्ये वाडीभर सांगत होत्या, "आता काय, आमचो जावई मुंबयत च्या पिऊन दुपारी जेवूक आमच्याकडे." आणि खरं सांगायचं तर आलाही होता हो तो तसा. तेव्हा बॅगेवरची ती विमानाची चिठ्ठी काकींनी चांगली आठवडाभर काढू दिली नव्हती. आता कोणी विषय काढला की म्हणतात, "माका काय ठावक नाय, त्येंकाच इचारा." त्येंका म्हणजे कोणाला, ते आपण समजायचं.

मी काही बोलले नाही. म्हणजे, एवढंच म्हटलं की मोपाचा विमानतळ मोठा असेल ना फार? काकी तांदूळ निवडत होत्या, त्या एकदम खडे शोधायला लागल्या.

तर काय सांगत होते... उद्घाटनाचं! विमानं राहू देत, पण उद्घाटनाच्या बाबतीत आपला विमानतळ नंबर वन बरं का. माणसाचं बारसं एकदा होतं, याचं मेलं मोजत बसावं लागतं. 2018 मध्ये चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते छोटं विमान उतरवलं, ट्रायल म्हणून. आत कोण, तर गणपतीची मूर्ती! आपल्याकडे गणपती डोक्यावरून येतो, होडीतून येतो, पण विमानातून आलेला तो पहिलाच. सड्यावर ही गर्दी. पोरं गडग्यांवर चढून ओरडतायत, "विमान इला, विमान इला!" मग 2019 च्या मार्चमध्ये टर्मिनलचं उद्घाटन. सुरेश प्रभू तेव्हा केंद्रात विमानखात्याचे मंत्री, आपल्या राजापूर मतदारसंघाचे जुने खासदार, म्हणजे घरचंच कार्य. निवडणुका तोंडावर होत्या म्हणून घाई झाली असं आमचे हे म्हणतात. हे काहीही म्हणतात म्हणा. पण रिबीन कापली, फोटो निघाले, आणि विमान? ते आलं अडीच वर्षांनी! मधल्या काळात सड्यावरच्या कोल्ह्यांनी मात्र रनवेचा पुरेपूर उपयोग केला.

आणि मग ते तिसरं. 9 ऑक्टोबर 2021. अहो, तो दिवस आठवतो ना? आमच्या पडवीत सकाळपासून टीव्ही. एका बाजूला आमचे हे, म्हणजे राणे साहेबांचे जुने भक्त. दुसऱ्या बाजूला भावजी, कट्टर शिवसैनिक. मधे मी, कांदेपोह्यांची बशी घेऊन. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री, नारायण राणे केंद्रात मंत्री, आणि दोघं एका स्टेजवर! आणि कधी, तर ऑगस्टमध्ये ठाकऱ्यांच्या कानाखाली वाजवण्याच्या वक्तव्यावरून राण्यांना अटक झाली होती त्यानंतर दीडच महिन्यात. विमानमंत्री ज्योतिरादित्य शिंदे तिकडून स्क्रीनवर. ते सुटले बिचारे.

आधी राणे बोलले. ते काय थांबतायत? नव्वद सालापासून या जिल्ह्यासाठी आपण काय काय केलं ते सगळं काढलं. मुख्यमंत्री भेटले, कानात काहीतरी बोलले, मला एकच शब्द ऐकू आला, असंही सांगितलं. तो शब्द कोणता ते नाही सांगितलं हं! आमच्याकडे त्यावर आठवडाभर वाद. आणि रस्त्याचे खड्डे... एवढा विमानतळ बांधला, आता आलेल्या लोकांनी काय खड्डे बघायचे का, असं विचारलं. आमचे हे तर खुर्चीतून उठलेच. "बघ! बघ कसा बोलतो!" भावजींचा चेहरा असा पडला की पोह्यांवर लिंबू पिळायचंही सुचेना.

पण थांबा. शेवटी ठाकरे उभे राहिले. आवाज एकदम मऊ. म्हणाले, पाठांतर करून बोलणं वेगळं, तळमळीने बोलणं वेगळं आणि मळमळीने बोलणं आणखी वेगळं. अहो, काय सांगू, मळमळ म्हटल्यावर भावजी असे हसले की ठसका लागला. मग एकाच मातीत बाभळीही उगवतात, त्याला माती काय करणार, ते झालं, चांगल्या कामाला नजर लागू नये म्हणून तीट लावतात ते झालं. आणि किल्ल्याचं! सिंधुदुर्ग किल्ला महाराजांनी बांधलाय बरं, नाही तर तोही मीच बांधला म्हणून कोणी सांगायचं. आता चेहरा पडायची पाळी आमच्या ह्यांची. टीव्ही बंद करा म्हणाले, भावजी म्हणाले बंद कशाला, आवाज वाढवा. सासूबाईंनी रिमोट घेतला आणि मालिका लावली.

आणि या सगळ्या गोंधळात विमान कधी उतरलं ते आमच्या पडवीत एकानेही पाहिलं नाही. खरंच सांगते.

विमान मात्र छान होतं हो. एटीआर म्हणतात ते, पंख्याचं, सत्तरेक सीटचं. तिकीट अडीच हजार नि वर काही. त्या उडान योजनेतलं ना, उडे देश का आम नागरिक. म्हणजे मोदींनी 2017 मध्ये शिमल्याला जाऊन सुरू केलं आणि त्याच दिवशी आपलं नांदेडचंही विमान उडवलं, तीच योजना. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार, असा हिशोब. माझी वन्सं पहिल्याच उन्हाळ्यात आली. उतरल्यावर काय डौल! गॉगल डोक्यावर. "वहिनी, खिडकीतून काय समुद्र दिसतो!" म्हणे. मी म्हटलं आमच्या मागच्या दारातूनही दिसतो, पण तो काही कौतुकाचा नाही ना.

आणि परत जाताना गंमत. सामान पंधराच किलो. आता कोकणातून मुंबईला जाणारं माणूस पंधरा किलोत मावतं का हो? उकडे तांदूळ, सोलं, कुळथाचं पीठ, आंबोळीचं पीठ, सासूबाईंनी बळेबळे दिलेला फणस. वजनकाट्यावर पिशवी ठेवली आणि काट्याने तोंड फिरवलं. शेवटी फणस आमच्या ह्यांनी स्कूटरवरून परत आणला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण तो फणस कापायलाही दिला नाही कुणाला.

तर काय सांगत होते... हां, तिकीट! वन्संची सीट अडीच हजाराची. शेजारी बसलेली बाई तिच्याच ओळखीची निघाली, कणकवलीची. गप्पा चालल्या होत्या छान. आणि मग वन्संनी विचारलं, तुमचं कितीला पडलं? त्या बाईने आकडा सांगितला आणि दोघी गप्प! तिने बरेच जास्त मोजलेले. त्या बाईने मग मुंबईपर्यंत खिडकीबाहेरच बघितलं म्हणे. आता यात कोणाची चूक नाही हो. भावजींनी समजावलं मला. ते बँकेतून रिटायर झालेत, त्यांना हिशोब सांगायची भारी हौस. त्या योजनेत निम्म्याच सीट स्वस्त असतात. उरलेल्या बाजारभावाने. म्हणजे चतुर्थीला किंवा मे महिन्यात स्वस्त सीटा पटकन संपल्या की उरलेल्यांचा भाव कुठे जाणार? आभाळातच!

आणि स्वस्त सीटमधला तोटा कोण भरतं माहितीय? ती कंपनी नाही भरत. कंपन्यांनी बोली लावायची की प्रत्येक सीटमागे आम्हाला एवढे पैसे द्या, मग आम्ही उडवतो. ज्याची मागणी कमी त्याला मार्ग. तीन वर्षं त्या मार्गावर तोच एकटा. पैसे कुठून, तर दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या मार्गांवर उडणाऱ्या विमानांवर पट्टी बसवलीय, त्यातून जमलेले, आणि वीस टक्के राज्याने घालायचे. वर इंधनाचा कर राज्याने एक टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमन फुकट. भावजी त्याला व्हायेबिलिटी गॅप फंडिंग म्हणतात. असं म्हणताना त्यांचा चष्मा खाली येतो.

मी म्हटलं, भावजी, आणि तीन वर्षं झाल्यावर? तर म्हणाले, मग स्वतःच्या पायावर उभं राहायचं. मी म्हटलं, कोणी? विमानाने? तर म्हणाले, तुम्हाला कळायचं नाही ते.

मला नाही कळलं, पण विमानाला कळलं! तीन वर्षं भरली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईचं विमान थांबलं. भाषण नाही, हार नाही, नारळ नाही. सुरू होताना तीनदा मांडव, आणि बंद होताना व्हॉट्सॲपवर एक मेसेज.

आता तुम्ही म्हणाल, रिकामं जायचं का? तसं नाही हो. पण त्याची वेळ बघितलीत का? दुपारी येणार आणि दुपारीच परत फिरणार. म्हणजे मुंबईत कोर्टाचं काम, डॉक्टरची अपॉइंटमेंट, मंत्रालयातली फाईल, काही म्हणजे काही त्या दिवशी होणार नाही. मुक्काम आलाच. मुंबईच्या विमानतळावर म्हणे अशा छोट्या विमानांना सोयीच्या वेळा मिळतच नाहीत, तिथे मोठ्यांचीच रांग. मग आपल्या वाट्याला उरलंसुरलं. त्यात पावसाळा. सड्यावर ढग खाली उतरले की विमान वर घिरट्या घालून परत. आमच्या आळीत एकांकडे श्राद्ध होतं, मुलगा वरून घर बघून मुंबईला परत गेला! त्याच्या आईने अंगणातून हात केला होता म्हणे. आता पावसाला कोणी काय बोलायचं?

आणि मोपा. 2022 च्या डिसेंबरात उद्घाटन आणि 5 जानेवारी 2023 पासून विमानं सुरू. एकदाच उद्घाटन हं! पर्रीकरांचं नाव दिलंय. रात्रंदिवस विमानं, चार कंपन्यांची तिकिटं, एक गेलं तर दुसरं. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गवाल्यांना तर ते चिपीहून जवळ. मग तिकडचं कोण येतंय इकडे? उरलो आपण, वेंगुर्ला, मालवण आणि कुडाळवाले. तेही हळूहळू... काकींचा जावई बघा ना!

हां, पण अगदीच सुनं पडलं असंही नाही. मुंबईचं जायच्या आधीच ती गोव्याची नवी फ्लाय 91 आली होती, ऑगस्टअखेर तिने पुण्याचं विमान सुरू केलं. आमची पुण्याची जाऊ लगेच म्हणाली, "आम्हाला आहे बाई विमान." असं म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. जसं काही मीच मुंबईचं बंद केलं! आणि नावाचंही ठरलं होतं ना, बॅरिस्टर नाथ पैंचं नाव द्यायचं. माणूस वेंगुर्ल्याचा, केवढा मोठा वक्ता. त्यांच्या नावाचा विमानतळ आणि तिथे नेमकी मुंबईचीच घोषणा होत नाही, हे काही बरं दिसत नाही हो.

पण मी म्हणते, आपण एकटेच नाही. जळगावची माझी मावसबहीण आहे ना, केळीवाले, तिला सांगायला गेले तर ती म्हणाली, "तुमचं काय घेऊन बसलीस, आमच्याकडे तर पाळणा चालू आहे." 2017 च्या डिसेंबरात त्यांच्याकडे एअर डेक्कनचं विमान आलं, एकोणीसेक सीटचं. काही महिन्यांत गप्प. मग 2019 ला ट्रूजेट. ती कंपनीच 2022 मध्ये बसली, तिच्याबरोबर नांदेडचंही विमान बसलं. मग 2024 ला पुन्हा नवी कंपनी. बहीण म्हणते, दर वेळी आम्ही पाण्याचा फवारा मारून स्वागत करतो, आता फायर ब्रिगेडवाले ओळखीचे झालेत.

आणि सोलापूर! अहो, सोलापूरची गोष्ट तर... थांबा, सासूबाई बघतायत. हं. तर सोलापूरला विमानाच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी येत होती. वर्षानुवर्षं भांडण. विमानवाले म्हणतात चिमणी पाडा, कारखानेवाले म्हणतात सभासदांचा ऊस कुठे घालू. घराघरांत दोन पक्ष. शेवटी 15 जून 2023 ला पाडली. टीव्हीवर दाखवली ना, एका बाजूला कलली आणि बसली खाली. तिथे ऊस घालणाऱ्या एक बाई आमच्या नात्यात आहेत, त्या दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणे. बरं, चिमणी गेली म्हणून विमान आलं का लगेच? पंतप्रधानांनी सप्टेंबर 2024 मध्ये पुण्याच्या मेट्रोबरोबर ऑनलाइन उद्घाटन केलं, आणि पहिलं गोव्याचं विमान उडालं ते जून 2025 मध्ये. मुंबईच्या विमानासाठी तर उडानची वाट न बघता राज्यानेच सीटमागे 3,240 रुपये द्यायचं ठरवलं. म्हणजे तिकीट काढणाऱ्याइतकेच जवळपास सरकारनेही मोजायचे! भावजी म्हणाले, हाच खरा हिशोब. हे म्हणाले, मग आपल्याला का नाही? आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. सासूबाईंनीसुद्धा मान वर केली.

मग भावजींनी उडान योजनेवरचा तो कॅगचा अहवाल काढला. 2023 चा. त्यांनी तो मोबाईलमध्ये सांभाळून ठेवलाय, लोक नातवंडांचे फोटो ठेवतात तसा. पहिल्या तीन फेऱ्यांत देशभरात 774 मार्ग दिले. सुरू किती झाले? 371. त्यांतले तीन वर्षं पूर्ण किती टिकले? 112. आणि सबसिडी संपल्यावर किती उडत होते? 54! वहिनी, 774 मधले 54. हे वाचल्यावर आमच्या ह्यांनी पहिल्यांदा राणे आणि ठाकरे दोघांचंही नाव काढलं नाही. नुसते "अरेच्चा" म्हणाले.

आणि तुम्हाला वाटेल आपल्याकडेच असा प्रकार. माझी भाची आहे ना अमेरिकेत, तिकडे मधल्या भागात, मक्याच्या शेतांत कुठेतरी. तिच्या गावातही असंच सरकारी पैशावरचं विमान येतं. नऊ सीटचं! ती म्हणते, मावशी, पायलट मागे वळून विचारतो सगळे बसलात का. तिकडे 1978 मध्ये कंपन्यांना मोकळीक दिली तेव्हा लहान गावांची विमानं बंद पडतील म्हणून ही सोय केली, दहा वर्षांसाठी. दहा वर्षांसाठी बरं का! अजून चालू आहे. दर थोड्या वर्षांनी कोणीतरी म्हणतं हा पैसा वाया जातोय, बंद करा, आणि दर वेळी त्या गावांचे खासदार उभे राहतात. एवढ्या श्रीमंत देशाला चाळीस-पंचेचाळीस वर्षांत लहान गावाचं विमान स्वतःच्या पायावर उभं करता आलं नाही, आणि आपण चिपीला तीन वर्षं दिली! त्यातही निम्मा वेळ पाऊस.

म्हणून मी काल भावजींना सरळ विचारलं. म्हटलं, भावजी, एसटी खेड्यात रिकामी जाते तरी तिला कोणी विचारत नाही की तीन वर्षांत नफ्यात ये. मग विमानाचं एकदा ठरवा ना. ती सोय आहे की धंदा? सोय असेल तर पैसे घालत राहायची तयारी ठेवा आणि लोकांना स्पष्ट सांगा, दर वर्षी इतके घालतो. धंदा असेल तर बाजूला मोपा असताना कोण बसणार ते आधी मोजा आणि नसेल बसणार तर तो पैसा मुंबई-गोवा हायवेला लावा, तो 2011 पासून चाललाय. भावजींनी चष्मा काढला. "वहिनी," म्हणाले, "हे तुम्ही कुठे वाचलंत?" कुठे वाचलंत! म्हणजे आपण गडग्यावर उभ्या राहून नुसता वेळ घालवतो असं वाटतं यांना.

बघा, गप्पांत माझी पेज उतू गेली वाटतं. जाऊ दे, गेली ती गेली. एवढं लक्षात ठेवा, विमानतळ कोणी आणला यावर आपल्याकडे सगळे बोलले, त्यात रोज बसणार कोण यावर एकाचंही भाषण झालं नाही. आता बंद झाल्यापासून दर महिन्याला कोणीतरी सांगत येतं, मुंबईचं परत सुरू होणार. होऊ दे, चांगलंच आहे. पुन्हा मांडव पडेल, पुन्हा पुढारी येतील, तुम्हालाही आमंत्रण येईल. जा जरूर. पण टाळ्या वाजवायच्या आधी एक प्रश्न विचारा, आणि तो मोठ्याने विचारा: चौथ्या वर्षाचे पैसे कोण देणार? उत्तर मिळालं तर मलाही बोलवा, आपण दोघी मिळून जाऊ मुंबईला. नाही मिळालं तर कोकणकन्येचं रिझर्व्हेशन वेळेत काढा. आता ते साठच दिवस आधी उघडतं.